पीटर गॅब्रिएलचा वितळलेल्या चेहऱ्याचा अल्बम: ड्रमचा तो आवाज आणि अमेरिकेतला नकार

तबकडीवाला

मे १९८० मध्ये इंग्लंडात चॅरिझ्मा कंपनीने जेनेसिस या बँडमधून बाहेर पडलेल्या इंग्लिश गायक पीटर गॅब्रिएलचा तिसरा अल्बम काढला. नाव पुन्हा 'पीटर गॅब्रिएल'च. मासिकाचे अंक निघतात तसे अल्बम निघावेत, अशा विचाराने त्याने पहिल्या चारही अल्बमना हे एकच नाव दिलं. लोक मग मुखपृष्ठावरून ओळखायला लागले. पहिला गाडीचा, दुसरा ओरखड्यांचा आणि हा तिसरा वितळलेल्या चेहऱ्याचा.

दोन गोष्टींवर जाणकारांनी लिहावं अशी इच्छा आहे.

एक, अमेरिकेत अटलांटिक कंपनीने ही तबकडी काढायला नकार दिला. तीच तबकडी इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. नकार देणाऱ्यांना त्यात नेमकं काय खटकलं असेल?

दोन, पहिल्या 'इंट्रूडर' गाण्यातला ड्रम. 'गेटेड रिव्हर्ब' (मध्येच तोडलेला घुमारा) एवढं सगळे सांगतात, पण साखळीत आधी काय आणि नंतर काय, हे कोणी नीट मांडत नाही. घरी केलेले प्रयत्न बहुतेक वेळा पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारल्यासारखे का वाजतात?

माझं आजचं मत सांगून ठेवतो. या अल्बमचं श्रेय त्या एका ड्रमच्या आवाजाला गरजेपेक्षा जास्त दिलं जातं.

कातळखोली

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण त्याबद्दल अर्धवट माहिती फार फिरते.

जागा: लंडनच्या शेफर्ड्स बुशमधला टाउनहाउस स्टुडिओ, दुसरी खोली. भिंती दगडी, त्यामुळे खोली चांगलीच घुमणारी. साल १९७९. ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगम, निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट, ड्रमवर फिल कॉलिन्स. मिक्सिंगचं टेबल एसएसएल ४००० बी. या टेबलात प्रत्येक चॅनेलला स्वतःचा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणारा) आणि नॉइज गेट (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणारा) होता. त्या काळी ही चैन होती. एरवी गेट म्हणजे बाहेरचं वेगळं यंत्र, तेही मोजकी दोन-चार.

याच टेबलात आणखी एक सोय होती. वादक खोलीत कुठेही उभा राहून बोलला तरी काचेच्या अलीकडे ऐकू यावं म्हणून छताला एक माइक टांगलेला, आणि त्याच्या मागे प्रचंड दाबणारा कॉम्प्रेसर. कुजबुज आणि ओरडणं एकाच पातळीवर यावं, एवढंच त्याचं काम. कॉलिन्स वाजवत असताना पॅडगमने नेमकं ते बटण दाबलं. दगडी खोलीचा सगळा घुमारा त्या कॉम्प्रेसरने उचलून पुढे आणला. पण ती वाट फक्त ऐकण्यासाठी होती, टेपवर जाणारी नव्हती. म्हणून स्टुडिओच्या तंत्रज्ञाकडून वायरिंग बदलून घेतलं आणि तो माइक चॅनेलवर आणला. मग त्याच चॅनेलचा गेट लावला.

म्हणजे क्रम असा: खोली, लांबचा माइक, जबर कॉम्प्रेशन, शेवटी गेट. कृत्रिम रिव्हर्बचं यंत्र यात कुठेच नाही. घुमारा खऱ्या खोलीचा आहे, आणि तो विरायच्या आत गेट दार लावून घेतो. कानाला ठोका मोठ्या दालनातला वाटतो आणि त्यामागची शांतता लहान खोलीतली. निसर्गात या दोन गोष्टी एकत्र ऐकू येत नाहीत, म्हणून दचकायला होतं.

मंद्रसप्तक

फार छान मांडलंत. एक भर घालतो: गॅब्रिएलने ड्रमरना सिंबल, म्हणजे ड्रमसोबतच्या धातूच्या थाळ्या, वाजवायला बंदी केली होती. हाय-हॅट ही पायाने मिटणारी थाळ्यांची जोडीसुद्धा नाही. ही बंदी संपूर्ण अल्बमला होती, फक्त कॉलिन्सला नाही. बरीच गाणी जेरी मरोटाने वाजवली आहेत, त्यालाही तोच नियम. सिंबल असते तर कातळखोली यांनी सांगितलेली साखळी चाललीच नसती. सिंबलचा झणकार तीन-चार सेकंद टिकतो. कॉम्प्रेसर तो वर उचलत राहणार आणि गेट उघडाच राहणार.

रिळावरचा

'इंट्रूडरपासून सुरुवात झाली' हे वाक्य आले की मला थांबवावंसं वाटतं. १९७७ साली बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत टोनी व्हिस्कॉन्टीने डेव्हिड बोवीच्या 'हीरोज'साठी तीन माइक लावले होते. एक तोंडाजवळ, दुसरा साधारण २० फुटांवर, तिसरा ५० फुटांवर, आणि लांबच्या दोघांवर गेट. त्याच वर्षीच्या 'लो'मधला ड्रम तर सगळ्या इंग्लंडभरच्या ध्वनिमुद्रकांना कोड्यात टाकून गेला होता. पॅडगम आणि लिलीव्हाइट यांनी १९७९ मध्येच टाउनहाउसला एक्सटीसी या बँडचा अल्बम केला, त्यातही ड्रम खोलीसकट मोठे आहेत. मग श्रेय एकाच गाण्याला कसं?

कातळखोली

रिळावरचे, तुमचे तिन्ही दाखले खरे आहेत. पण तिन्ही ठिकाणी यंत्रणा निरनिराळी आहे, आणि ते सुटं करणं महत्त्वाचं वाटतं.

'हीरोज'मध्ये गेटचं काम दार *उघडण्याचं* आहे. बोवी हळू गातो तेव्हा फक्त जवळचा माइक, आवाज चढला की दुसरा, ओरडला की तिसरा. गाणाऱ्याच्या जोराबरोबर खोली मोठी होत जाते. 'लो'मध्ये इव्हेंटाइडचं हार्मोनायझर आहे. स्नेअरचा, म्हणजे खरखरत्या छोट्या ड्रमचा, स्वर खाली ओढून तो मूळ ठोक्यात मिसळला आहे, म्हणून ठोका पडताना जमीन खचल्यासारखी वाटते. 'इंट्रूडर'मध्ये गेटचं काम दार *लावण्याचं* आहे. आवाजाची शेपटी कुठे तुटते, तोच इथे तालाचा भाग झालाय. पहिला कोण हा वाद बाजूला ठेवला तरी शेपटी तोडणं हेच गाण्याचं मुख्य वाद्य करणं, हे मला याआधी सापडत नाही.

रिळावरचा

हा फरक मान्य. 'उघडणारा गेट आणि लावणारा गेट' लक्षात राहील.

निशिगंधा

श्रेयाचा प्रश्न तेव्हाही होताच. कॉलिन्सने स्वतःच्या तालासाठी वेगळी नोंद मागून घेतली, आणि अल्बमवर 'इंट्रूडर'पुढे ड्रम वाजवण्याबरोबरच 'ड्रम पॅटर्न' अशी नोंद त्याच्या नावावर आहे. पुढे जानेवारी १९८१ मध्ये त्याचं 'इन दी एअर टुनाइट' आलं, पॅडगमबरोबरच केलेलं. जगभर तो आवाज पोचवला त्या गाण्याने.

आता पहिल्या प्रश्नाकडे, कारण तो मागे पडतोय. अटलांटिकच्या नकाराची हकिकत गॅब्रिएलने मुलाखतींत सांगितली आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे कंपनीचे प्रमुख अहमेत एर्टेगन यांनी 'लीड अ नॉर्मल लाइफ' ऐकून गॅब्रिएल मनोरुग्णालयात होता का, अशी विचारणा केली. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टीव्ह बीकोवरच्या 'बीको' गाण्याबद्दल अमेरिकेत कोणाला काय पडलंय, असाही सूर होता. कंपनीतल्या जॉन कॅलॉडनर यांनी त्याला सोडून द्यावं असा सल्ला दिला होता. मग मर्क्युरीने अमेरिकेत अल्बम काढला, तो २२ व्या क्रमांकापर्यंत गेला. पुढे तेच कॅलॉडनर गेफेन कंपनीत गेले आणि त्यांनीच गॅब्रिएलला तिथे घेतलं.

मंद्रसप्तक

नकार देणाऱ्यांची बाजू थोडी मांडू द्या. मला तो निर्णय चुकीचाच वाटतो, पण अनाकलनीय वाटत नाही. जेनेसिस सोडल्यावर पहिला अल्बम बॉब एझरिनने केला, दुसरा रॉबर्ट फ्रिपने. दोन्हींचा बाज एकमेकांपासून लांब. आता तिसऱ्याची सुरुवात कशाने होते? घरात शिरणाऱ्या माणसाच्या तोंडून गायलेल्या गाण्याने. पाचवं 'फॅमिली स्नॅपशॉट' नेमबाजाच्या मनातून, १९७२ मध्ये अमेरिकन राजकारणी जॉर्ज वॉलेसवर गोळ्या झाडणाऱ्या आर्थर ब्रेमरच्या डायरीवरून सुचलेलं. नववं रुग्णालयातलं आणि शब्द अगदी मोजके. शेवटचं सात मिनिटांहून मोठं आणि कोठडीतल्या मृत्यूवर. रेडिओला काय द्यायचं, हा प्रश्न विकणाऱ्याला पडणारच.

निशिगंधा

पण 'गेम्स विदाउट फ्रंटियर्स' होतं ना! इंग्लंडात ते चौथ्या क्रमांकावर गेलं, अल्बम यायच्या आधीच. केट बुश त्यात फ्रेंचमध्ये 'झ्यो साँ फ्राँतिएर' म्हणते. हे त्या काळी युरोपभर चालणाऱ्या एका दूरचित्रवाणी खेळाचं नाव. गावागावांचे संघ चित्रविचित्र वेश करून एकमेकांशी भिडायचे. देशांची भांडणं म्हणजे तोच पोरखेळ, अशी गाण्याची कल्पना. कित्येकांना ती ओळ इंग्रजी 'शी इज सो पॉप्युलर' अशी ऐकू येते. बीबीसीच्या धास्तीने एका ओळीतला मूत्रविसर्जनाचा उल्लेख काढून रेडिओच्या आवृत्तीत बबून माकडांचा पापा घेणारी ओळ घातली गेली, ती वेगळीच गंमत.

अमेरिकेत मात्र हे गाणं ४८ व्या क्रमांकावर थांबलं. तो दूरचित्रवाणीचा खेळच तिथे कोणाला माहीत नव्हता, तेव्हा संदर्भ पोचला नसणार.

सुरपेटी

शीळ कोण घालतंय त्यात?

मंद्रसप्तक

गॅब्रिएल आहेच, शिवाय निर्माता आणि ध्वनिमुद्रकही. तिघांच्या शिळांमध्ये स्वराचा बारीक फरक राहतो, त्यानेच ती जाड वाटते. एकाच माणसाने तीनदा घातली असती तर इतकी मोकळी वाटली नसती.

थापी_टिपरू

ध्वनिमुद्रणाच्या बाजूने विचारतो. हाच प्रकार ढोल-ताशाला लावता येईल का? आणि कातळखोलीदादा, घरच्या प्रयत्नांचा पुठ्ठा का होतो, ते राहिलंच.

कातळखोली

पुठ्ठ्याची कारणं, मला महत्त्वाची वाटतात त्या क्रमाने.

खोली. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज पाच ते दहा मिलिसेकंदांत माइकवर येतो आणि मूळ ठोक्यात मिसळून त्याला डबडा करतो. कॉम्प्रेसर तोच डबडेपणा वर आणतो. गादी, पडदे, पुस्तकांचं कपाट असेल तर उचलण्यासारखा घुमाराच उरत नाही. इमारतीचा जिना, शहाबादी फरशीची रिकामी खोली, उंच छताचं गोदाम, यांतलं काहीही चालेल. माइक ड्रमपासून तीन-साडेतीन मीटरवर आणि ड्रमकडे न वळवता भिंतीकडे किंवा छताकडे तोंड करून. थेट आवाज जितका कमी, तितकं बरं.

कॉम्प्रेशन भित्रं असतं. रेशो (दाबण्याचं प्रमाण) २०:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) सर्वांत जलद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १०० मिलिसेकंदांच्या आसपास, आणि सुई १५ ते २० डेसिबलपर्यंत दबली पाहिजे. ३-४ डेसिबलने काहीच होत नाही. एसएसएलने पुढे त्या बोलण्याच्या माइकच्या कॉम्प्रेसरचा एलएमसी-१ नावाचा प्लगइन फुकट दिला होता. त्यात फिरवायला फारसं काही नाही, कारण मूळ यंत्रातही नव्हतं.

मग गेट. इथे बहुतेकांचं बिनसतं. एवढं दाबल्यावर ठोका आणि त्याची शेपटी यांच्या पातळीत फरकच उरत नाही. थ्रेशोल्ड, म्हणजे दाराचा उंबरठा, कुठेही ठेवला तरी गेट फडफडतो, धड उघडा नाही, धड बंद नाही. उपाय असा की गेटने खोलीचा माइक *ऐकायचा* नाही. त्याच्या की-इनपुटला, म्हणजे इशाऱ्याच्या वेगळ्या वाटेला, स्नेअर आणि टॉम (खालच्या स्वराचे ड्रम) यांचे जवळचे माइक एकत्र करून द्यायचे. दार खोलीच्या आवाजाला, पण इशारा जवळच्या माइकचा. स्नेअरच्या माइकमध्ये हाय-हॅट शिरत असेल तर की-फिल्टरने १५० ते ४०० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवा.

आकडे: अटॅक एक-दोन मिलिसेकंद. शून्य ठेवला तर खर्जाच्या टॉमला टिकटिक येते, कारण लहर मध्येच उघडते. होल्ड, म्हणजे दार उघडं धरायचा वेळ, १५० ते ३००. रिलीज ३० ते ५०. पाचवर नेला तर बंद होताना टिक येते, दोनशेवर ठेवला तर तो साधा घुमारा होतो आणि सगळी मजा जाते. लांबचा माइक साडेतीन मीटरवर असेल तर आवाज तिथे सुमारे १० मिलिसेकंद उशिरा पोचतो. संगणकावर तो सरकवून जुळवू नका. त्या दहा मिलिसेकंदांमुळेच दार आधी उघडतं आणि ठोक्याचं तोंड कापलं जात नाही.

ढोलाला हे उत्तम लागू पडेल, ताशाला नाही. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, पाव मात्रा १२५ ची. ढोलाचे ठोके अर्ध्या मात्रेपेक्षा जवळ आले नाहीत तर होल्ड १८० आणि रिलीज ३० मिळून २१० होतात, पुढच्या ठोक्याआधी ४० मिलिसेकंद शांतता मिळते. ताशाच्या काड्या त्याहून किती जलद चालतात! गेटला बंद व्हायला फटच मिळणार नाही. ताशा वेगळ्या वेळी मुद्रित करा किंवा वेगळ्या खोलीत ठेवा. इथे ताशा म्हणजे तुमचा सिंबल आहे.

थापी_टिपरू

या पद्धतीत ढोल आणि ताशा एका खोलीत एकत्र मुद्रित करायचे नाहीत, हा नियम आता पक्का. ढोलाच्या थापीच्या बाजूला एक आणि टिपरूच्या बाजूला एक असे दोन जवळचे माइक, आणि गेटला इशारा फक्त टिपरूचा, बरोबर?

कातळखोली

बरोबर. थापीचा खर्ज लांबतो, त्याने दार उघडं राहील. टिपरूचा ठोका टोकदार असतो, इशाऱ्याला तोच हवा.

रिळावरचा

मिक्सिंगच्या वेळी रिव्हर्बनंतर गेट लावूनही हे करतात, तेही नोंदवून ठेवू. ऐंशीच्या दशकात एएमएसच्या आरएमएक्स-१६ यंत्रात 'नॉनलिन' नावाचा प्रोग्रॅमच आला, त्यात शेपटी आपोआप तुटलेली. त्यानंतर हा आवाज बटणावर मिळायला लागला आणि इतका वापरला गेला की नव्वदीत लोक कंटाळले. 'इंट्रूडर' मात्र शिळं वाटत नाही. खरी खोली असल्याने प्रत्येक ठोक्याचा घुमारा किंचित वेगळा आहे. यंत्रात तो दर वेळी सारखा येतो.

अंधारखोली

मुखपृष्ठाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी. हिप्नोसिस या मुखपृष्ठं करणाऱ्या संस्थेचं काम. छायाचित्र पोलरॉइडच्या एसएक्स-७० कॅमेऱ्याचं. या फिल्ममध्ये रसायनांचे थर प्लास्टिकच्या आत बंद असतात आणि चित्र उमटत असताना ते काही वेळ मऊ राहतात. तेवढ्यात वरून बोथट वस्तूने दाबलं की रंग आतल्या आत सरकतात. अमेरिकन छायाचित्रकार लेस क्रिम्स यांनी हे तंत्र आधी वापरलं होतं. टोकदार वस्तू घेतली तर वरचा पापुद्रा फाटतो. घाई केली तर नुसते डाग पडतात, उशीर केला तर काहीच हलत नाही. गॅब्रिएल स्वतःही ही चित्रं दाबत बसला होता. स्वतःचा चेहरा असा बिघडवून विकायला ठेवणारे गायक त्या काळी विरळा.

सुरपेटी

फेअरलाइटवरही लिहा कोणीतरी.

मंद्रसप्तक

लिहितो. फेअरलाइट सीएमआय हे ऑस्ट्रेलियात बनलेलं सॅम्पलर, म्हणजे आवाज साठवून ते सुरांत वाजवणारं यंत्र. १९७९ मध्ये त्याच्या निर्मात्यांपैकी पीटर व्होगेल ते गॅब्रिएलच्या घरी घेऊन आले आणि अल्बमचं काम चालू असतानाच ते वापरात आलं. फुटणारी काच, बाटल्या असे आवाज त्यात भरून सुरांत वाजवले. ८ बिट, एका वेळी ८ आवाज, आणि प्रत्येक आवाजाला १६ किलोबाइट जागा. सर्वांत चांगल्या प्रतीत म्हणजे एका सेकंदाहूनही कमी. त्यामुळे लांब स्वर साठवणं अवघड, पण तडकणं, आपटणं, फुटणं सहज मावायचं. गॅब्रिएलने पुढे आपल्या नातेवाइकाबरोबर हे यंत्र इंग्लंडमध्ये विकण्यासाठी सायको सिस्टिम्स ही कंपनीही काढली.

आता सिंबलबंदीशी याचा सांधा बघा. सिंबल गेले की ५ ते १२ हजार हर्ट्झचा पट्टा मोकळा होतो. साध्या रॉकमध्ये तो सतत झणझणत असतो. इथे त्या जागेत काच आली, 'इंट्रूडर'मध्ये तारांवरची खरखर आणि शीळ आली, श्वास आला. 'नो सेल्फ कंट्रोल'मध्ये मॉरिस पर्टचं मारिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) जे कोरीव ऐकू येतं, ते त्याच्यावर सिंबलची चादर नाही म्हणून.

निशिगंधा

हे वाचून 'बीको' वेगळं उलगडलं. वर्णभेदाविरुद्ध लढणारे स्टीव्ह बीको १२ सप्टेंबर १९७७ रोजी प्रिटोरियात पोलिसांच्या ताब्यात असताना गेले. पोर्ट एलिझाबेथच्या ज्या खोलीत त्यांची चौकशी झाली, तिचा ६१९ हा क्रमांक गाण्यात आहे. सुरुवातीला आणि शेवटी त्यांच्या अंत्यविधीत गायलेल्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण आहे, आणि त्यातलं 'सेन्झेनी ना' म्हणजे 'आम्ही काय केलं'. मधला ताल सुर्डो या मोठ्या ब्राझिली ढोलावर, तोही कॉलिन्सने वाजवलेला. बॅगपाइपसारखा सूर लॅरी फास्टच्या सिंथेसायझरचा. वरचा सगळा पट्टा मोकळा असल्यानेच तो अंत्ययात्रेतला समूह इतका जवळ येतो.

स्वागताचं म्हणाल तर हे गाणं इंग्लंडात ३८ व्या क्रमांकापुढे गेलं नाही, दक्षिण आफ्रिकेत त्यावर बंदी आली. पण स्टीव्हन व्हॅन झँटला १९८५ च्या 'सन सिटी' या वर्णभेदाविरोधी गाण्याची वाट याच गाण्याने दाखवली. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या १९८८ च्या दौऱ्यात गॅब्रिएल दिल्लीलाही गाऊन गेला.

सुरपेटी

जर्मन आवृत्ती ऐकण्यासारखी आहे का?

रिळावरचा

नक्की ऐका. 'आइन डॉइचेस आल्बुम', १९८० चाच. भाषांतर होर्स्ट क्योनिगश्टाइन यांचं. वाद्यं बहुतांश तीच, गाणं नव्याने. जर्मन व्यंजनं टोकदार, ती तुटक ड्रमशी इंग्रजीपेक्षा घट्ट जुळतात. आधी 'इंट्रूडर'ची जर्मन प्रत लावा.

तबकडीवाला

सगळ्यांचे आभार. माझं मत अर्धं बदललं. श्रेय ड्रमच्या आवाजाला जास्त दिलं जातं असं म्हणालो होतो. आता म्हणेन की श्रेय गेटला जास्त आणि बंदीला कमी दिलं जातं. कलावंताला काय करू नकोस ते सांगितलं की त्याला वाट सुचते, अशा अर्थाचं गॅब्रिएल स्वतः बोलला आहे. मंद्रसप्तक यांनी मोकळ्या पट्ट्याचं जे लिहिलं, तेच मला नकाराचं उत्तरही वाटतं. त्या वेळच्या अमेरिकन रेडिओचा कान त्या झणझणाटाला सरावला होता. तो काढून घेतल्यावर सराईत माणसाला ही तबकडी अपुरी, काहीतरी वाजवायचं राहून गेल्यासारखी वाटली असणार. विषय जड होतेच, पण जड विषय अमेरिकेत याआधीही खपले होते.

मंद्रसप्तक

पटलं. ताडून बघायला सोपं आहे. 'आय डोन्ट रिमेंबर' लावा, टोनी लेव्हिनची चॅपमन स्टिक (तारांवर बोटं टेकवून वाजवायचं वाद्य) आणि फ्रिपची गिटार आहे त्यात, आणि त्यावर हाय-हॅटचा साधा आठ ठोक्यांचा ट्रॅक घालून ऐका. दोन मिनिटांत गिटारची धार बोथट होते.

थापी_टिपरू

आणि ढोलावर ताशा घालून ऐकला तर खोलीचा घुमारा आधी नाहीसा होतो. होल्ड १८० वरून १२० वर आणला तर ताशासकट निभतं का?

कातळखोली

नाही. १२० ला ढोलाची शेपटी उमलायच्या आतच तुटते, पुन्हा पुठ्ठा. ताशा बाहेर काढा, होल्ड १८० च राहू द्या.